कोल्हापूर परिसरातील जिओकॅशिंग : डबा शोधताना आणि लपवताना

पंचगंगाकाठ

नमस्कार.

भल्या सकाळी सायकलने ज्योतिबाचा डोंगर चढणारे, कळंब्याच्या तलावावर पक्षी पाहणारे, पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड चालणारे असे पुष्कळ लोक कोल्हापुरात आहेत. त्यांपैकी काही जण आता जिओकॅशिंगकडे वळू लागले आहेत आणि त्यांच्याकडून मला वारंवार तेच प्रश्न विचारले जातात. या छंदाविषयीच्या बहुतेक सूचना परदेशी हवामानाला आणि परदेशी कायद्यांना धरून लिहिलेल्या आहेत. जुलैमधला गगनबावड्याचा पाऊस, ऊस तुटल्यावर शेतात पेटवले जाणारे पाचट किंवा बसस्थानकावर बेवारस वस्तूंविषयी होणारी उद्घोषणा त्या लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हती. म्हणून आपल्या भागापुरते बोलावे, या हेतूने हा धागा काढत आहे.

ज्यांना हा प्रकार अगदी नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोणीतरी पाणी न शिरणारा एक डबा मालकाच्या संमतीने एखाद्या जागी नजरेआड ठेवतो आणि तिथले अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर नोंदवतो. इतर लोक मोबाइलच्या किंवा जीपीएस यंत्राच्या साह्याने तिथे पोहोचतात, डबा शोधतात, आतल्या नोंदकागदावर टोपणनाव व तारीख लिहितात, डबा होता तसाच परत ठेवतात आणि मग संकेतस्थळावर आपला अनुभव नोंदवतात.

याची सुरुवात नेमकी सांगता येते. मे २००० च्या आरंभापर्यंत अमेरिकी सरकार सर्वसामान्यांना मिळणाऱ्या जीपीएस संकेतांत मुद्दाम त्रुटी मिसळत असे, त्यामुळे स्थान शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही त्रुटी काढली गेली आणि लगेच ३ मे २००० रोजी डेव्ह उल्मर यांनी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीकजवळ वस्तूंनी भरलेली एक बादली ठेवून तिचे अक्षांश-रेखांश एका चर्चागटात जाहीर केले. माइक टीग यांनी ती काही दिवसांतच शोधून काढली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम हे संकेतस्थळ सुरू केले. आज जगभरात तीस लाखांहून अधिक डबे नोंदलेले आहेत. ती पहिली बादली अर्धवट जमिनीत पुरलेली होती. आज मात्र जागेच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय डब्यासाठी खड्डा खणणे नियमांत बसत नाही.

माझे मत आरंभीच नोंदवतो. या छंदात शोधणाऱ्यापेक्षा लपवणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. ज्या जागेची परवानगी नाही आणि ज्या डब्याची देखभाल होणार नाही, तो डबा ठेवूच नये. शोधणाऱ्याने चूक केली तर एक फेरी वाया जाते. लपवणाऱ्याने चूक केली तर ती पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या हातून पुन्हा पुन्हा घडते.

राजारामपुरी_नवशिकी

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझी मुले दहा आणि सात वर्षांची आहेत. त्यांना सुटीत घराबाहेर काढण्यासाठी याहून चांगले निमित्त मला दिसत नाही. परंतु काही शंका आहेत. सुरुवात कोणत्या प्रकारच्या डब्यापासून करावी, सोबत काय न्यावे आणि दगडांच्या फटींत हात घालावा लागतो हे खरे आहे का? साप-विंचवाची मला खरोखर काळजी वाटते.

पंचगंगाकाठ

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे. दिसत नाही अशा फटीत हात घालायचाच नाही, हा नियम मुलांना घरातून निघण्यापूर्वीच सांगावा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. त्यांतही फुरसे लहान असते, कातळाच्या रंगात मिसळून जाते आणि सपाट दगडांखाली निवांत बसलेले असते. आधी विजेरीचा प्रकाश टाकावा, मग लांब काठीने चाचपावे आणि तरीही खात्री वाटली नाही तर डबा न शोधता परत यावे. दंश झालाच तर चिरा न देता, पट्टी करकचून न आवळता, दंश झालेला अवयव स्थिर ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठावे. चांगला लपवणारा डबा कधीच अशा बिळासारख्या जागी ठेवत नाही. तो कमरेच्या किंवा छातीच्या उंचीवर, डोळ्यांना दिसेल पण लक्षात येणार नाही असा ठेवतो.

सुरुवात 'पारंपरिक' प्रकारापासून करा. त्यात दिलेल्या ठिकाणीच डबा असतो. 'मल्टी' प्रकारात एका जागेवरून पुढच्या जागेचे आकडे मिळवत जावे लागते आणि 'मिस्ट्री' प्रकारात आधी कोडे सोडवावे लागते. प्रत्येक डब्याच्या पानावर १ ते ५ या पट्टीत दोन आकडे दिलेले असतात. पहिला शोधण्याची काठिण्यपातळी सांगतो आणि दुसरा वाटेची. वाटेचा आकडा १ असेल तर चाकांच्या खुर्चीवरूनही तिथे जाता आले पाहिजे. ५ असेल तर दोर किंवा होडीसारखे साधन लागते. मुलांसोबत दोन्ही आकडे दीड-दोनच्या वर नकोत. आकाराकडेही लक्ष द्या. 'नॅनो' म्हणजे बोटाच्या पेराएवढी चुंबकी डबी, 'मायक्रो' म्हणजे जुन्या कॅमेऱ्याच्या रिळाच्या डबीएवढी. या दोन्हींत कागदाच्या गुंडाळीखेरीज काही मावत नाही, म्हणून मुलांचा हिरमोड होतो. 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' डब्यात अदलाबदलीच्या वस्तू असतात.

त्या वस्तूंचा नियम साधा आहे : जे घ्याल त्याच्या तोडीचे किंवा त्याहून चांगले काही ठेवावे. गोट्या, छोटा भोवरा, परकीय नाणे, कोल्हापुरी चपलेची किल्लीला लावायची प्रतिकृती हे सगळे चालते. मात्र चामड्याला पावसाळ्यात बुरशी लागते, म्हणून ती छोट्या पिशवीत बंद करून ठेवावी. खाण्याचा पदार्थ, मग तो सीलबंद का असेना, कधीही ठेवू नये. मुंग्या, उंदीर आणि माकडे डबा फोडतात. डब्यात क्रमांक कोरलेली धातूची पट्टी आढळली तर ती अदलाबदलीची वस्तू नाही. तिला 'ट्रॅव्हल बग' म्हणतात. ती घेतल्यास दुसऱ्या डब्यात पोहोचवावी लागते आणि तिचा क्रमांक जाहीर नोंदीत लिहायचा नसतो.

सोबत पाणी, टोपी, विजेरी, काठी, मोबाइलसाठी पॉवर बँक आणि शिसपेन्सिल न्या. दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही आणि शाईचे पेन फुटते. पेन्सिलीची नोंद भिजल्यावरही वाचता येते.

निवृत्त_भूमापक

अक्षांश-रेखांशांविषयी दोन शब्द लिहितो, कारण नवीन मंडळींचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो.

जिओकॅशिंगमध्ये स्थान अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात, तर मोबाइलवरील नकाशे बहुधा दशांश अंशांत दाखवतात. कोल्हापूर शहर साधारण १६ अंश ४२ मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे, म्हणजे दशांश पद्धतीने १६.७ अंश. एखाद्याने ४२ मिनिटे पाहून सरळ १६.४२ असे टाइप केले तर तो शहर सोडून दक्षिणेकडे तीस किलोमीटरांहून दूर जातो. मिनिटांना साठने भागल्याशिवाय ती अंशांत लिहिता येत नाहीत, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

दुसरी बाब अचूकतेची. अक्षांशाच्या एका मिनिटाच्या हजाराव्या भागाचे जमिनीवरील अंतर सुमारे १.८ मीटर भरते. संकेतस्थळ तीन दशांश स्थळांपर्यंत आकडे मागते, पण मोबाइलची अचूकता मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरांचीच असते. म्हणून डबा ठेवणाऱ्याने एकदाच आकडा टिपून परत येऊ नये. यंत्र जागेवर काही मिनिटे स्थिर ठेवावे, आकडा टिपावा, वेगवेगळ्या दिशांनी चालत पुन्हा त्या जागी येऊन वाचन घ्यावे आणि शक्य असल्यास दुसऱ्या दिवशी निराळ्या वेळी तेच करावे, कारण तेव्हा आकाशातील उपग्रहांची मांडणी बदललेली असते. जे वाचन इतरांपासून फटकून आहे ते वगळून, उरलेल्या सर्व वाचनांची सरासरी काढावी. शिवाय जुन्या स्थलदर्शक नकाशांची आधाररचना (म्हणजे अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी गृहीत धरलेला पृथ्वीचा आकार) जीपीएसच्या आधाररचनेपेक्षा वेगळी असल्याने त्यांवरून काढलेले आकडे जसेच्या तसे वापरू नयेत.

पंचगंगाकाठ

भूमापक साहेब, फारच उपयुक्त. शोधणाऱ्याच्या बाजूने त्यात थोडी भर घालतो. शेवटच्या दहा-पंधरा मीटरांत मोबाइलवरच्या बाणावर विसंबू नये. वडाच्या दाट सावलीत, उंच तटाच्या पायथ्याशी किंवा पेठेतल्या अरुंद बोळात उपग्रहांचे संकेत अडतात, भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतात आणि बाण कधी डावीकडे तर कधी मागे वळतो. अशा वेळी मोबाइल खिशात ठेवावा, 'मी लपवणारा असतो तर कुठे ठेवले असते' असा विचार करत उभे राहावे आणि न शोभणारी गोष्ट शोधावी. कुंपणाच्या सगळ्या पाइपांची झाकणे उन्हाने विटलेली असताना एकच काळेभोर आहे का? तारेचा एक वेढा इतरांपेक्षा नवा आहे का? तीन दगड आपोआप पडतील त्याहून व्यवस्थित रचलेले दिसतात का? बहुतेक डबे असेच सापडतात, उकरून नव्हे. एखादे झाड, भिंत किंवा वाफा उकरावा लागतो आहे असे वाटले, तर आपण चुकीच्या जागी शोधत आहोत हे निश्चित समजावे.

वाट_पन्हाळ्याची

उत्तम माहिती. माझा विचार पन्हाळ्यावर डबे ठेवण्याचा आहे. तीन दरवाजा, अंधारबाव आणि सज्जाकोठी या तीन ठिकाणी तटाच्या दगडांतील सांधीत एकेक छोटी डबी ठेवली, तर बाहेरून येणारा माणूस केवळ छायाचित्रे काढून परत जाणार नाही, गड नीट पाहील. डबी बोटाएवढी असते. तिने एवढ्या मोठ्या तटाला काय होणार आहे?

पंचगंगाकाठ

आपला हेतू अतिशय चांगला आहे, तरीही या कल्पनेला माझा स्पष्ट विरोध आहे. पन्हाळा हे केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. संरक्षित स्मारकाला इजा पोहोचवणे हा १९५८ च्या कायद्याने गुन्हा आहे.

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवू. प्रश्न डबीच्या आकाराचा नाहीच. आपण डबी नेमक्या कोणत्या सांधीत ठेवली आहे हे फक्त आपल्याला ठाऊक असते. शोधणारा येतो तेव्हा त्याच्या यंत्राची चूक धरून त्याच्यापुढे आठ-दहा मीटरांचा तट असतो आणि त्या तटातली प्रत्येक सांध त्याच्या दृष्टीने संशयित असते. तो चुन्याचा सैल झालेला तुकडा हलवून पाहतो, फटीतली चिपेची दगडी काढून पाहतो, ती परत नीट बसत नाही म्हणून खाली ठेवून देतो. त्याच्या नंतर येणारा त्याच्याच शेजारची काढतो. यांपैकी कोणाच्याही मनात गडाचे वाईट करण्याचा विचार नसतो, तरी दोन पावसाळ्यांनंतर त्या भागातून पाणी आत शिरते. दगडी बांधकामात डबा लपवू नये, हा नियम जगभर याच कारणाने पाळला जातो. मंदिरांच्या भिंती, घाटांच्या पायऱ्या, समाध्या आणि जुन्या बारवा यांनाही तो तितकाच लागू आहे.

आपल्याला जे साधायचे आहे ते 'मल्टी' प्रकाराने साधेल. गडावरील माहितीफलकांवरून किंवा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवरून उत्तरे शोधायला लावा. तीन दरवाज्याच्या कमानीवर काय कोरले आहे, अंबरखान्याला किती दरवाजे आहेत, असे प्रश्न विचारा. त्या उत्तरांतून अंतिम डब्याचे आकडे तयार होऊ द्या आणि तो डबा गडाखाली एखाद्या ओळखीच्या खानावळीच्या किंवा बागेच्या आवारात, मालकाला सांगून ठेवा. गडावर एकही वस्तू राहणार नाही आणि पाहुणा गड दुप्पट लक्षपूर्वक पाहील.

जांभाकातळ

वरील मताशी पूर्ण सहमत. पन्हाळ्यासाठी आणखी एक मार्ग आहे आणि माझ्या मते तो आपल्या जिल्ह्यासाठी सर्वांत योग्य आहे : 'अर्थकॅश'. हा प्रकार २००४ पासून चालू आहे. यात डबाच नसतो. येणाऱ्याने जागेवरचा खडक, माती किंवा भूरूप पाहून पानावर दिलेल्या प्रश्नांची उत्तरे पाठवायची असतात.

पन्हाळ्याचा माथा जांभ्याचा आहे आणि त्याखाली काळा बेसॉल्ट आहे. उष्ण हवामानात, ओला आणि कोरडा ऋतू आलटून-पालटून येत राहिला की बेसॉल्ट कुजत जातो, त्यातील सहज विरघळणारे घटक पाण्याबरोबर वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे उरतात. लोहामुळे त्याला तो तांबूस रंग येतो. जांभा ताजा असताना कुऱ्हाडीसारख्या हत्याराने कापता येतो आणि उघड्यावर आला की कडक होतो. एवढी माहिती पानावर द्यावी आणि मग विचारावे : रस्त्याकडेच्या दरडीत वरचा तांबडा थर आणि खालचा काळा खडक यांच्यातील सीमा रेघ मारल्यासारखी आहे की हळूहळू बदलणारी? छिद्रे सगळीकडे सारखी आहेत का? उत्तर केवळ इंटरनेटवर शोधून मिळणार नाही, असा प्रश्न असावा लागतो. खडकाचा तुकडा तोडायला लावणारा प्रश्न मात्र कधीही नको.

मसाई पठारासारख्या सड्यांवरही डब्याऐवजी हेच करावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. तिथे मातीचा थर वितभरसुद्धा नसतो, पावसाळी फुले त्याच थरात रुजतात आणि सुट्या दगडांखाली पाली, बेडूक, विंचू राहतात. डबा शोधण्यासाठी उलथलेला प्रत्येक दगड म्हणजे एक मोडलेले घर असते. राधानगरी अभयारण्यात तर वनविभागाच्या परवानगीशिवाय कोणतीही वस्तू ठेवण्याचा विचारसुद्धा करू नये.

ऊसपट्टा

मी शेतकरी आहे. जिओकॅशिंग करत नाही. माझ्या विहिरीजवळ एक डबा ठेवू का, असे विचारायला एक मुलगा आला होता. त्याने आधी विचारले म्हणून मी हो म्हणालो. त्या निमित्ताने शेतात डबा ठेवणाऱ्यांसाठी काही गोष्टी लिहितो.

बांधावर डबा ठेवू नका. ऊस तुटला की आमच्याकडे अजूनही पुष्कळ ठिकाणी पाचट पेटवतात. प्लास्टिकचा डबा त्यात वितळून मातीला चिकटतो. जानेवारीत मोकळी दिसणारी वाट जुलैत डोक्यापेक्षा उंच उसात नाहीशी झालेली असते आणि मग शोधणारे सऱ्यांमधून तुडवत येतात. मोटारीच्या पेटीजवळ तर कधीच ठेवू नका, तिथे विजेचा धोका असतो. डबा मोटारघराच्या बाहेरच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूने असावा, म्हणजे कोणाला पिकात यावे लागत नाही. येणाऱ्याने सूर्य मावळल्यावर येऊ नये. रात्री शेतात विजेरी दिसली की आम्ही मोटारचोर समजून धावतो. पानावर ही वेळ स्पष्ट लिहावी.

नदीकाठी ठेवणाऱ्यांसाठी आणखी एक. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. काठावरचा तुमचा डबा पहिल्याच पुरात थेट नृसिंहवाडीच्या दिशेने जाईल आणि नदीत एक कचरा वाढेल.

पंचगंगाकाठ

दादा, आपला प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. जागेच्या मालकाला विश्वासात घेतले की बहुतेक अडचणी उद्भवण्याआधीच सुटतात, हे आपण नेमके दाखवून दिले.

डब्याच्या निवडीविषयी इथेच लिहून ठेवतो. चारही बाजूंनी कड्या असलेला आणि झाकणात रबरी पट्टी असलेला डबा आपल्या पावसात टिकतो. स्टीलचा साधा डबा गंजत नसला तरी त्याच्या झाकणातून पाणी झिरपते. लहान डब्यासाठी 'प्रीफॉर्म' उत्तम, म्हणजे शीतपेयाची बाटली फुगवण्यापूर्वीची जाड नळी. तिचे झाकण घट्ट बसते आणि ती सहसा फुटत नाही. नोंदकागद छोट्या झिपच्या पिशवीत ठेवावा. ओलावा शोषणारी पुडी ठेवली तर ती दर काही महिन्यांनी बदलावी लागते. न बदललेली पुडीच पुढे ओलावा धरून बसते. माझा परिपाठ असा आहे की मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा प्रत्येक डबा उघडून पाहायचा, रबरी पट्टीवरची माती पुसायची आणि कागद बदलायचा.

करवीर_पेठ

शहरातील डब्यांविषयी कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. अंबाबाई मंदिराचा परिसर, मध्यवर्ती बसस्थानक, रेल्वे स्थानक, न्यायालय, शाळा, दवाखाने आणि पोलीस ठाण्यांच्या आसपास डबा ठेवणे सर्वस्वी चुकीचे आहे. झुडपात वाकून कोणीतरी बंद डबा ठेवतो आहे हे पाहिलेल्या दुकानदाराने पोलिसांना कळवले तर तो आपले कर्तव्यच करत असतो. डबा शक्यतो पारदर्शक असावा आणि त्यावर मराठीत ठळक लिहिलेले असावे : 'हा जिओकॅशिंग खेळाचा डबा आहे. आत कागद व खेळणी आहेत. जागामालकाच्या परवानगीने ठेवला आहे.' तारेचे जुडगे, बॅटरी किंवा घड्याळ असलेली रचना कितीही कल्पक असली तरी नको.

शोधताना कोणी विचारले, तर लपवाछपवी करू नये. छंद न करणाऱ्यांना या मंडळींत 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या नकळत डबा काढणे हे कौशल्य मानले जाते, हे खरे आहे. परंतु रंकाळ्यावर फिरायला आलेल्या आजोबांनी 'काय शोधतोय रे?' असे विचारले तर मोबाइलवरचे पान दाखवून सरळ सांगावे. गोंधळून निघून जाणारा माणूसच संशयास्पद वाटतो.

राजारामपुरी_नवशिकी

डबा सापडलाच नाही तर तसे लिहावे का? मुलांना ते अपयश वाटेल, म्हणून विचारते.

पंचगंगाकाठ

अवश्य लिहावे. 'सापडला नाही' ही नोंद लपवणाऱ्यासाठी 'सापडला' इतकीच कामाची असते. अशा दोन-तीन नोंदी सलग आल्या की डबा जागेवर नाही हे त्याला कळते. उलट न सापडलेल्या डब्याच्या जागी स्वतःचा नवा डबा ठेवून 'सापडला' असे लिहिणे, हा प्रकार मला अजिबात मान्य नाही. मूळ डबा बऱ्याचदा तिथेच असतो आणि मग एका जागी दोन होतात. नोंदीत जागा उघड करणारे वाक्य किंवा छायाचित्र देऊ नये. कागद भिजला असेल, झाकण तडकले असेल तर तसे स्पष्ट कळवावे, आणि 'छान' एवढ्या एका शब्दावर न थांबता वाट कशी होती, काय पाहिले, हे चार ओळींत लिहावे. डबा सांभाळणाऱ्याला मिळणारा मोबदला तेवढाच असतो.

वाट_पन्हाळ्याची

तट सोडून दिला. खानावळीच्या मालकांशी बोललो, त्यांनी आंब्याच्या झाडाजवळची जागा देण्याचे मान्य केले आहे. दोन प्रश्न उरले. जवळच दुसऱ्या कोणाचा डबा असेल तर किती अंतर सोडावे? आणि पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला जावे लागले तर या डब्याचे काय करायचे?

पंचगंगाकाठ

दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते. 'मल्टी'च्या ज्या टप्प्यांवर प्रत्यक्ष वस्तू नाही, फक्त पाहून उत्तर द्यायचे आहे, त्यांना ही अट लागू होत नाही. पान प्रसिद्ध होण्यापूर्वी एक स्वयंसेवक तपासनीस ते पाहतो. त्याला जागामालकाशी झालेल्या बोलण्याचा तपशील आपणहून कळवावा.

पुण्याला जाण्यापूर्वी डबा इथल्या दुसऱ्या कोणाच्या नावावर करता येतो. तशी सोय संकेतस्थळावर आहे आणि मी तो आनंदाने घेईन. कोणी मिळाले नाही तर पान कायमचे बंद करून डबा स्वतः उचलून आणावा आणि खानावळीच्या मालकांना तसे सांगावे. डबा झाडाला तारेने बांधणार असाल तर आत्ताच तो विचार बदला. वाढत्या बुंध्याला आवळलेली तार साल कापत आत रुतते. त्याऐवजी सुती दोरी फांदीवर सैल अडकवा आणि दर पावसाळ्यानंतर ती बदला.